चाकूच्या शेजारची किटली

जुने, खिशात मावणारे चाकू गोळा करायचे तर पहिली अक्कल ही लागते, की हवा तो चाकू बघायचा नाही. त्याच्या शेजारची किटली बघायची. तिची किंमत विचारायची, नाक मुरडायचं आणि मग सहज म्हणून, हा गंजका चाकू केवढ्याला, असं पुटपुटायचं. दुकानदाराने भाव चढवला की ‘राहू द्या’ म्हणत दाराकडे निघायचं. उंबरा ओलांडायच्या आत हाक येतेच. संशय नको म्हणून कधीकधी किटलीही घ्यावी लागते, त्यामुळे आमच्या घरात चाकू थोडे आणि किटल्या उदंड. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, आल्यागेल्याला सांगते की हा चहा पीत नाही, पण किटल्यांवर भारी जीव.

गल्लीच्या टोकाचं जुन्या वस्तूंचं दुकान एक बाई चालवतात. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीने सांभाळलं. उघडा चाकू दाखवताना त्या पात्याची पाठ चिमटीत धरून मूठ माझ्याकडे करतात. एवढ्यावरच मी गार झालो. लग्न राहून गेलेलं, डोक्यावर केस नावाला, हे सांगणार कुणाला? मग मी माझी विद्या वापरली. बाई आवडतात म्हणून बाईंकडे बघायचंच नाही. कपाटावरच्या धुळीबद्दल तक्रार करायची, घड्याळांना नावं ठेवायची. किती हुशार मी!

परवा त्या म्हणाल्या की त्यांची बहीण तिच्याकडे कायमची राहायला बोलावतेय, दुकान विकून जावं का, ठरत नाही. आणि सरळ विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

तोंड सवयीने म्हणालं की आमचं काय, चाकू दुसरीकडेही मिळतात. आणि पाय, तेही सवयीचे गुलाम, दाराकडे निघाले. मुद्दाम रेंगाळलो, चपलेत काहीतरी अडकल्याचं नाटकही केलं. हाक आली नाही. मागे वळून पाहिलं तर बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाला आरसा दाखवत होत्या.

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. तिने मान वर न करता मला गाढव म्हटलं, आणि गाढवसुद्धा भूक लागली की ओरडतं, असंही म्हटलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी दुकान उघडताच हजर झालो. बाई कपबशा कागदात गुंडाळून खोक्यात भरत होत्या.

“जाऊ नका,” मी म्हणालो. “मला तुम्ही आवडता. पहिल्यापासून.”

त्यांनी हातातली अर्धवट गुंडाळलेली बशी खाली ठेवली.

“चाकूसाठी मी हाक मारायचे,” त्या म्हणाल्या, “कारण चाकू मला विकायचा असायचा. स्वतःसाठी कशी मारू?”

शरम वाटली, आणि बरंही वाटलं. मी खाली बसलो आणि खोक्यातला एक कप काढून त्याचा कागद सोडवायला लागलो. त्यांनी थांबवलं नाही. पण मी कपाकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होतो, तेवढ्यात कप निसटला आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले.

“असू द्या,” बाई म्हणाल्या, “अजून पुष्कळ आहेत.”