करजणच्या मांडवातला शेकर

हलवल्याशिवाय ज्याचा काही उपयोग नाही, असा मी एक जुना शेकर आहे, मित्रांनो. शेकर म्हणजे पेय मिसळायचं भांडं. खाली उंच पेला, वर गाळणीचं झाकण आणि त्यावर एक टोपी. अंग जर्मन सिल्व्हरचं. पोटात बर्फ, रस आणि साखरेचा पाक घालून मला दोन्ही हातांनी खळखळवायचं. बाहेरून माझ्या अंगावर धुकं जमलं, की पेय झालं.

सुभानराव बडोद्याच्या फौजेत अधिकारी होते. त्यांनी मला मुंबईच्या एका दुकानातून हौसेनं आणलं. संध्याकाळी त्यांचे मित्र जमत. जिन, लिंबाचा रस, पाक आणि बर्फ एवढंच साहित्य, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी! एकाला पेल्याच्या काठावर मीठ लागे. दुसऱ्याला लिंबाची साल नुसती वरून पिळलेली हवी. तिसरे तर मला कान लावून ऐकत आणि "अजून हलवा, बर्फ अजून मोठा वाजतोय," म्हणत. ते मोठ्यांचं पेय, तुमच्या कामाचं नाही. पण कोणाला काय आवडतं आणि का आवडतं, हे जाणून घेण्याची मला तेव्हापासून जी खोड लागली ती लागलीच.

पुढे दारूबंदी आली आणि मित्रांच्या बैठका मोडल्या. सुभानराव मला मोडीत काढायला निघाले होते. त्यांच्या पत्नी चिमणाबाई आडव्या आल्या. "भांड्यानं काय केलंय?" म्हणून त्यांनी मला चिंचेनं घासलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि माझ्यात कैरीचं पन्हं हलवलं. सुभानरावांना वेलची जास्त आणि साखर बेताची, स्वतःला केशराची एखादी काडी. जिन गेली आणि मला काही फरक पडला नाही, खरं सांगतो. आवडीनिवडी होत्या तशाच राहिल्या.

मग घरात मिक्सर आला. मी कपाटावर गेलो. माझ्या पोटात सेफ्टी पिना, नाड्यांची गुंडाळी आणि कसली तरी किल्ली येऊन पडली. किल्लीचं कुलूप कोणालाच माहीत नव्हतं. टोपी घट्ट बसवलेली असल्यामुळे मला हवाही मिळत नव्हती. फार वाईट दिवस होते ते.

मला खाली काढलं मितालीनं. मिताली सुभानरावांची पणती. बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरीतल्या एका ठेकेदाराकडे ती प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासायची. नोकरी चांगली होती, पण तिचं मन रमेना. तिला लग्नकार्यात मॉकटेलचं काउंटर लावायचं होतं. मॉकटेल म्हणजे थाट सगळा कॉकटेलचा, पण दारूचा थेंब नाही. घडियाळी पोळमधल्या, म्हणजे बडोद्यातल्या त्या नावाच्या जुन्या गल्लीतल्या, आपल्या स्वयंपाकघरात तिनं माझ्याबरोबर किती प्रयोग केले म्हणून सांगू! पुदिना चिरायचा नाही, तळहातावर एक चापट मारून टाकायचा. सोडा माझ्यात कधीच घालायचा नाही, तो वरून ओतायचा, नाहीतर झाकण उडून छताला लागतं. हे आम्ही दोघं छत पुसून शिकलो.

तिचे वडील जगदेवराव शाळेत कवायतीचे मास्तर होते. आता निवृत्त झाले आहेत. ताठ माणूस. त्यांनी लेकीच्या हातचा एक घोटही चाखला नव्हता.

"पोळमधले विचारतील, मास्तर, पोरीनं बार काढला का?" ते म्हणाले. "मी तोंड कुठे लपवू?"

"पप्पा, सरबतच आहे हो ते!"

"मग सरबत म्हण आणि तांब्यात कर. हे भांडं कशाचं आहे ते आंधळ्यालाही कळतं."

शेवटी तोडगा निघाला. करजणला एका गुजराती घरात साखरपुडा होता, तिथलं काउंटर मितालीला मिळालं होतं. तेवढं एक तिनं करावं. जमलं तर ठीक, नाही जमलं तर सोमवारी मुकाट्यानं कोयलीला परत जावं. मितालीनं मान डोलावली खरी, पण रात्रभर ती मला पुसत बसली होती.

सकाळी सामान टेम्पोत चढवताना जगदेवरावांचा धीर सुटला. ओट्यावर शेजारी बसले होते आणि मी उन्हात चमकत होतो. मिताली बर्फ आणायला गेली होती, ती तशीच परस्पर करजणला येणार होती. त्यांनी झटकन मला देवघरात नेलं, अंगावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, गळ्यात लाल धागा बांधला, झाकण काढून पिशवीत टाकलं आणि तोंडावर आंब्याची पानं ठेवून वर नारळ बसवला. झाला कलश! मग मला दोन्ही हातांत धरून ते शेजाऱ्यांसमोरून छाती काढून चालत गेले. एकानं तर मला नमस्कारही केला. मला हसू येत होतं, पण आतून एक प्रश्नही छळत होता. लेकीच्या भांड्याला देव करायला तयार असलेला हा माणूस त्यातलं सरबत प्यायला का तयार नसेल?

करजणला पोचल्यावर नारळ उतरवायचा तो राहूनच गेला. मांडवाच्या दारात बायका उभ्या होत्या. पाहुणा कलश घेऊन आलेला पाहून त्यांना कोण आनंद! त्यांनी मला आदरानं उचलून घेतलं आणि गणपतीशेजारी पाटावर तांदळाच्या राशीवर बसवलं. गोर महाराजांनी, म्हणजे भटजींनी, माझ्यात पाणी, सुपारी आणि नाणं घातलं, फूल वाहिलं, मंत्र म्हटले. जगदेवराव तोंड उघडून मिटत राहिले.

आयुष्यात पहिल्यांदाच मी असा स्वस्थ बसलो होतो. समोर उदबत्ती, डोक्यावर नारळ. पलीकडे काउंटरवर मात्र मितालीची धांदल उडाली होती.

"पप्पा, शेकर कुठंय?"

जगदेवरावांनी डोळ्यांनीच पाटाकडे दाखवलं. मितालीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती घाईनं दुसरं भांडं शोधू लागली. रांग वाढत होती. तिनं जेवणाच्या डब्यात कोकम आणि बर्फ घालून हलवून पाहिलं. डब्याचं झाकण सटकलं आणि नवरदेवाच्या मामाचा पांढरा सदरा लालेलाल झाला. रांगेतले लोक एकमेकांकडे बघत पांगू लागले. तेव्हा ती हात पुसून सरळ पाटाकडे आली.

पाटाशेजारी घरातल्या सर्वांत मोठ्या, नलिनीबा बसल्या होत्या. नवरीची आजी, सगळ्यांची बा. मितालीनं माझ्याकडे हात नेताच त्या म्हणाल्या, "स्थापेलो कळश हलावाय नहीं, बेटा." स्थापलेला कलश हलवायचा नसतो.

"बा, आ कळश नथी," मिताली म्हणाली. "हा माझा शेकर आहे. पेय करायचं भांडं."

जगदेवराव पुढे आले. त्यांचा आवाज कवायतीच्या मैदानावर घुमायचा, पण आज तो कसाबसा निघाला. "चूक माझी आहे, बा. मुलीच्या धंद्याची मला लाज वाटली. लोकांना दिसू नये म्हणून मी त्याचा कलश केला."

नलिनीबांनी मला खालून वर न्याहाळलं. "आमां कोई दिवस दारू रेडायो छे?" माझ्यात कधी दारू ओतली होती का, असं त्या विचारत होत्या. नाही म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं.

"हो, बा," मिताली म्हणाली. "पणजोबांच्या वेळी. नंतर कधीच नाही."

कोणीतरी मागून च्‌ च्‌ केलं. नलिनीबा मात्र पुढे वाकल्या. त्यांच्या डोळ्यांत मी रागाऐवजी भलतंच काही पाहिलं. ते मी लगेच ओळखलं, कारण माझी स्वतःची खोडही तीच. पुढचं बोलणं गुजरातीतच झालं, तुम्हाला मी आपल्या भाषेत सांगतो.

"त्यात काय काय घालायचे गं?"

"जिन, लिंबू, साखर आणि बर्फ."

"आणि जिन काढून टाकली तर?"

"तर लिंबाचं सरबत, बा."

नलिनीबा खळखळून हसल्या. मग त्यांनी महाराजांना खूण केली. घरातला तांब्याचा कलश आला. महाराजांनी पाणी, सुपारी आणि नाणं त्यात घातलं, माझ्यावर अक्षता टाकल्या आणि बांनी स्वतःच्या हातानं मला पाटावरून जरासं सरकवून मोकळं केलं. "पाणी देणारं भांडं अपवित्र कसं होईल?" त्या म्हणाल्या. "आता माझं कर."

"तुम्हाला कसं आवडतं, बा?"

बा गोंधळल्या. जन्मभर त्या घरात जे होईल ते पीत आल्या होत्या. हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नसावा. "कैरीचं," त्या हळूच म्हणाल्या. "मिरी थोडी जास्त. साखर... नकोच. बर्फानं दात दुखतात."

"बर्फ हलवताना असू दे. पेल्यात गाळून देते."

पिशवीतलं झाकण माझ्या तोंडावर बसलं आणि मी खळखळलो. किती दिवसांनी असा जीव ओतून खळखळलो! बांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि रिकामा पेला परत पुढे केला. रांग पुन्हा जमली. मामांनाही कोकमच हवं होतं, पण या वेळी लांबून.

जगदेवराव खांबाशी एकटेच उभे होते. मितालीनं त्यांना हाक मारली. "तुम्हाला कसं करू, पप्पा?"

"कर तुला येईल तसं."

"असं नाही चालत. सांगावं लागतं."

त्यांनी बराच विचार केला. "आंबट. काठावर मीठ."

उभ्याउभ्याच त्यांनी पेला संपवला. ओठावरचं मीठ रुमालानं टिपलं आणि डोळेही टिपले. मग ते काउंटरच्या आत आले, बाह्या सरसावल्या आणि रांगेतल्या पुढच्या पाहुण्याला कवायतीच्या आवाजात म्हणाले, "बोला, कसं आवडतं? माझी मुलगी करून देईल!"

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं भांडं तुमच्याही घरात कपाटावर पडलं असेल. ते खाली काढा. कोमट पाण्यानं धुवा, कोरडं पुसा आणि झाकण उघडं ठेवा, म्हणजे कोंदट वास येणार नाही. आणि घरातल्या कोणाच्या कामाची कधी लाज वाटलीच, तर ते झाकायला धावू नका. आधी त्या माणसाच्या हातचा एक पेला पिऊन बघा.