आगीची रंगीत तालीम

तिने पुठ्ठ्याची पाटी त्याच्या गळ्यात अडकवली, मानेमागे दोरीची गाठ मारली आणि दोन पावलं मागे सरून, स्नेहसंमेलनात झाडाचं काम मिळालेल्या मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. पाटीवर तिच्याच वळणदार अक्षरात एक शब्द होता: बेशुद्ध.

"आता आडवे व्हा."

"इथे? फरशीवर?"

"बेशुद्ध माणूस जागा निवडून पडत नाही."

"निदान एखादी उशी..."

"अहो," ती म्हणाली. त्यांच्या संसारात या दोन अक्षरांत पुष्कळ काही मावत असे. चहा झाला, गॅस संपला, पाहुणे आले, पाहुण्यांसमोर हे बोलू नका. आत्ता त्यांचा अर्थ होता, गंमत पुरे.

पाचव्या मजल्यावर जिना संपतो तिथे तो आडवा झाला. फरशी गार होती. आपल्या दारासमोरचं छत इतकं उंच आहे, हे इतकी वर्षं इथे राहून त्याला आज कळलं. तिने वाकून आपला चष्मा काढला आणि त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवला. तिचा चष्मा सांभाळणं हे निवृत्तीनंतर त्याच्याकडे राहिलेलं एकमेव कायमस्वरूपी पद होतं.

"धावपळीत पडायचा. असू दे तुमच्याकडे."

"पण मी नक्की करायचं काय?"

"काही करायचं नाही. पडून राहायचं. कुणीतरी उचलून न्यायला येईल."

"ते मी रिटायर झाल्यापासून करतोच आहे."

"म्हणूनच तुम्हाला दिलंय," असं म्हणून ती कठड्याला धरत, चष्म्याविना जरा चाचपडत, खाली गेली.

खरं तर त्याला भोंगा हवा होता. अख्खी नोकरी त्याने बस स्थानकावर, काचेमागच्या खोलीत, माइकसमोर काढली होती. गाड्यांचे क्रमांक कुणीही सांगू शकतं. त्याची खासियत हरवलेल्या माणसांची होती. 'आपण जिथे कुठे असाल तिथून चौकशीच्या खिडकीपाशी यावं, आपली माणसं आपली वाट बघत आहेत,' हे तो असं म्हणायचा, की न हरवलेली माणसंही क्षणभर खिडकीकडे वळत. पण तालमीचा भोंगा चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना मिळाला. त्यांचं 'आ करा' सोडून दुसरं कुठलंही वाक्य आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. निर्णय तिचा होता, आणि का, हे त्याला ठाऊक होतं. डॉक्टरांशी आपलं काहीही बिनसलेलं नाही, हे तिला अख्ख्या इमारतीला दाखवायचं होतं.

त्याला कारण झाली ती उन्हाळ्यातली आग. आग तशी किरकोळ, तळमजल्यावरची मीटरची खोली तेवढी जळाली. पण वीज गेली आणि जिना धुराने गच्च भरला. चौथ्या मजल्यापाशी तिने त्या काळोखात "अहो, चला," म्हणत मागे हात केला, "ओ" आली, हातात हात आला आणि तो घट्ट धरून ती चार मजले उतरली. उतरता उतरता, गॅस बंद केलात का, कधी तुमच्या एकदा सांगून लक्षात राहतं का, असं सगळं सुनावूनही झालं. अंगणात उजेडात बघितलं तर हात डॉक्टरांचा. त्यांना त्यांच्या घरीही याच नावाने हाक मारत. शिवाय एकदा बाईंनी हात धरल्यावर सोडवून घ्यायची इमारतीत कुणाची छाती नव्हती. बाई म्हणजे ती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, ती फक्त शाळेतून.

तो सगळ्यांच्या मागून आला, तोंडावर ओला टॉवेल धरून. तिने त्याला बघितलं आणि डॉक्टरांचा हात सोडला. आठवडाभर इमारत हसत होती. तोही हसला, अगदी इतरांहून जास्त. ती हसली नाही. त्या दिवसाबद्दल ती आजतागायत एक अक्षर बोलली नव्हती. फक्त पंधरा दिवसांत तिने अग्निसुरक्षा स्वयंसेवक मंडळ काढलं.

मंडळाने काम मात्र नेटाने केलं. जिन्यातल्या मोडक्या सायकली आणि 'दोन दिवसांसाठी' ठेवलेली, पोरं मोठी होऊन लग्नाला आली तरी न हललेली कपाटं रस्त्याला लागली. वायरिंग बदललं. प्रत्येक मजल्यावर वाळूच्या लाल बादल्या आल्या, आणि त्यातल्या एकीत मांजराने आपली सोय करून घेतली. तिने पत्रक लिहिलं, त्याने शुद्धलेखन तपासलं. पत्रकातली एक ओळ त्याने दोनदा वाचली होती: 'धुरात कुणालाही अहो, अगं, ऐकलंत का अशी हाक मारू नये. नाव घ्यावं. बेशुद्ध व्यक्तीला तीन वेळा नावाने हाक मारून प्रतिसाद बघावा.'

या ओळीचा सराव अंगणात झाला. शिंप्याच्या बायकोने तोंडाला पदर लावून नवऱ्याचं नाव घेतलं, तेव्हा शिंपी शाळेत हजेरी घेतल्यासारखा ताठ उभा राहिला. हसू पिकलं. दुसऱ्या मजल्यावरची टायपिस्ट म्हणाली, "बाई, तुम्ही करून दाखवा ना." तो अगदी सहज चालत चालत पुढच्या रांगेत आला. तिने इकडेतिकडे बघितलं. समोर गादीची एक वळकटी होती, प्रात्यक्षिकासाठी आणलेली. तिने त्या वळकटीला चटकन एक नाव दिलं आणि त्या नावाने वळकटीला तीन खणखणीत हाका मारल्या. टाळ्या पडल्या. त्याला वळकटीचा हेवा वाटला, आणि आपल्याला गादीचा हेवा वाटतोय हे कळल्यावर जरा लाजही वाटली.

त्याचं नाव तसं वाईट नव्हतं. पण मुलगी 'बाबा' म्हणे, नातू 'आजोबा', इमारत 'बाईंचे मिस्टर'. नावाने हाक मारणारी शेवटची आई. ती जाऊनही बरीच वर्षं झाली. आता ते वरच्या फळीवर ठेवलेल्या चांगल्या ताटांसारखं झालं होतं. आहे हे सगळ्यांना माहीत, काढत कुणी नाही.

खाली घंटा झाली. डॉक्टरांनी भोंग्यातून काहीतरी जाहीर केलं, त्यातलं 'आग' तेवढं कळलं. आणि धूर आला.

धुराचं यंत्र एका नाटक कंपनीकडून आणलं होतं. ते ज्याचं होतं तो माणूस तिसऱ्या मजल्यावर यंत्रापाशी उभा होता. यंत्राने आयुष्यभर स्वर्ग, स्वप्नं आणि फार तर पहाट दाखवली होती. आगीचा त्याला अनुभव नव्हता. त्यामुळे धूर आला तोच मुळी पाय न वाजवता, एकेक पायरी चढत, शेजारच्या घरात डोकावावं तसा. त्याला गुलाबाचा वास होता, म्हणजे गुलाबाच्या साबणाचा. तो फरशीवर पसरला, पाटीवरून गेला आणि हळूच सगळं छत घेऊन गेला.

पावलांचा लोंढा उतरत गेला. "धक्काबुक्की नको," "माझी चप्पल," "आग आहे ना, मग हळू कशाला?" मग मधेच एक खरीखुरी किंकाळी. टायपिस्टला 'घाबरलेली महिला' हे काम दिलं होतं. ते इतकं मनापासून केलं की तिचा पाय मुरगळला. शिंपी आणि फोटोग्राफर स्ट्रेचर घेऊन त्याच्याकडेच यायला निघाले होते. वाटेत त्यांना ही सापडली. हिला त्यांनी उचललं आणि मिरवतच खाली नेलं. अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. स्ट्रेचर रिकामं आलं नाही म्हटल्यावर वर आणखी कुणी असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मोजणी झाली. यंत्रवाला खाली उतरून विडी शोधत होता, त्याला कुणीतरी खांद्याला धरून रांगेत उभं केलं. आकडा बरोबर जुळला. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिला अंगणात माणसांच्या आकाराचे डाग दिसत होते आणि डाग पुरेसे होते.

"सर्व रहिवासी सुखरूप," भोंगा म्हणाला. हे वाक्य डॉक्टरांना नेमकं स्वच्छ जमलं.

वर तो पडून होता. उठून खाली जाता आलं असतं. कठड्यावरून नुसतं "अरे, मी राहिलो," म्हटलं असतं तरी भागलं असतं. आवाज अजून चांगला होता. पण उन्हाळ्यात तो आपापला उतरून आला होता. आज नाही. आज त्याला बघायचं होतं, तिला कळतं का.

रिकामी इमारत त्याने कधी ऐकली नव्हती. कुठेतरी फ्रिज घरघरून थांबला. एक नळ थेंब थेंब गळत होता. कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू राहिला होता आणि श्रोते आहेत की नाहीत याची पर्वा न करता हवामान सांगत होता. जिन्याच्या काचेतून ऊन येत होतं. ते धुरात शिरल्यावर दुधात केशर सुटल्यासारखं विरघळत होतं. फरशी आता गार लागत नव्हती. किंबहुना फरशी होती की नाही हेच सांगता येत नव्हतं.

त्या धुरातून माणसं वर येऊ लागली. घाई कुणालाच नव्हती. हिरवी ट्रंक घेतलेली बाई, बाकावर झोप लागून गाडी चुकलेला म्हातारा, एकमेकांना शोधत दोन फाटकांपाशी दिवसभर उभे राहिलेले दोघे भाऊ. ज्यांना ज्यांना त्याने पुकारलं होतं ती सगळी. त्यांच्यात ती चिमुरडीही होती, रडून रडून उचकी लागलेली. वडिलांचं नाव काय, असं त्याने विचारलं होतं, तर म्हणाली, बाबा. त्याने माइकवर तसंच पुकारलं: बाबा, आपण जिथे कुठे असाल तिथून यावं. खिडकीशी बाबांची ही रांग लागली. मुलीने एकेकाकडे बघितलं, मान हलवली, आणि मधल्याच एका धोतरवाल्याच्या पायांना मिठी मारली. बाकीचे बाबा थोडे हिरमुसून आपापल्या गाडीला गेले.

आता खिडकीपाशी तो स्वतः उभा होता. काचेमागे कुणीतरी माइक ओढून घेतला, घसा साफ केला, तोंड उघडलं. ओठ हलत होते. नाव तेवढं ऐकू येत नव्हतं.

"अहो, माझा चष्मा कुठाय?"

हे मात्र सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. आभाराचं भाषण वाचायला तिने भोंगा हातात घेतला होता आणि तो चालूच होता. खाली हसण्याची लाट आली. इमारतीतल्या निम्म्या नवऱ्यांनी सवयीने आपापले खिसे चाचपले असणार. त्याचाही हात खिशाकडे गेला. मग बेशुद्ध असल्याचं आठवून त्याने तो खाली ठेवला.

"अहो?"

या वेळी कुणी हसलं नाही. भोंग्यातून नुसती खरखर आली. मग काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि डॉक्टर म्हणाले, "हॅलो, हॅलो. बाई जरा..."

जिन्यावर पावलं वाजली. एकाच माणसाची, एका गुडघ्याला जपत, पण दोन-दोन पायऱ्या करत चढणारी. ती पावलं त्याला ओळखीची होती. वेग ओळखीचा नव्हता. पहिला मजला झाला. चष्म्यासाठी येत असेल, त्याने स्वतःला बजावलं. चष्मा लागतोच. दुसरा झाला. तिसऱ्यावर यंत्र अजून इमानेइतबारे स्वर्ग सोडत होतं. तिथे पावलं अडखळली. वाळूची बादली कलंडली.

"अहो," तिने धुरात हाक मारली.

"ओ," खालून भोंगा म्हणाला.

पावलं थांबली. अंगण थांबलं. डॉक्टरांनी बहुधा भोंगा पाठीमागे लपवला. त्याची खरखर अचानक दबली. जिन्यात तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि तो त्याला एखाद्या मोठ्या सभागृहात पडदा वर जायच्या आधी असतो तसल्या शांततेतून ऐकू आला.

मग तिने त्याचं नाव घेतलं.

मोठ्याने नाही. वरच्या फळीवरून काहीतरी काढताना दोन्ही हात लावावेत, तसं. पुढे काही नाही, मागे काही नाही, नुसतं नाव. आणि शेवटच्या अक्षरापाशी आवाज जरासा हलला. त्याच्या जुन्या कानाने आधी उच्चार तपासला. उच्चार स्वच्छ होता. कुणाला तरी बोलावताहेत, त्याला वाटलं. कुणाची तरी माणसं वाट बघताहेत. मग कोण, ते कळलं.

"ओ" अगदी ओठांवर आली होती. त्याने ती गिळली, छातीवरची वाकडी झालेली पाटी सरळ केली आणि डोळे मिटून घेतले. पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, आणि शुद्धलेखन त्यानेच तपासलं होतं: तीन वेळा.

अजून दोन बाकी होत्या.