चांदीच्या धाग्याचं बनियन

प्रेमा सावंत बावीस वर्षं अंधेरीच्या एमआयडीसीत शिलाई मशीनवर बसत आली होती. आधी एक्स्पोर्टचे शर्ट, मग शाळांचे गणवेश, आणि दीड वर्षापासून हे बनियन. कापड साधंच, पण छातीपाशी चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्याच्या दोन पट्ट्या. त्या अंगाला टेकल्या की हृदयाचे ठोके लॅपटॉपवर रेघेसारखे उमटत. आजारी माणसांची तपासणी घरबसल्या व्हावी, म्हणून ही सगळी खटपट.

बायकांच्या मापाचं पहिलं बनियन तयार झालं, तेव्हा ते घालून बघायला प्रेमालाच बसवलं. समोर प्रांजल, कंपनीतली तरुण इंजिनिअर. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"प्रेमाताई, रेघ एकसारखी यायला हवी ना, ही कशी पण उड्या मारतेय. पट्टीची शिवण सैल पडली असणार."

"माझी शिवण?" प्रेमा एवढंच म्हणाली.

एरवी ती भांडली असती. पण दोन महिने तिच्यात त्राणच नव्हतं. लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर येताना ती तीनदा थांबायची आणि वय झालं म्हणून सोडून द्यायची. तिनं पट्टी उसवली, पुन्हा शिवली. रेघ तशीच. परत उसवली. या वेळी प्रांजलनं धाग्याचं रीळही बदलून दिलं. तरी तेच.

"वाट लागली. उद्या डॉक्टरांना दाखवायचंय हे," प्रांजल पुटपुटली.

"आता माझ्याच्यानं नाही होणार, मॅडम," प्रेमा म्हणाली. तिचे हात मांडीवर नुसते पडून होते. "दुसऱ्या कोणाकडून करून घ्या."

शेजारच्या मशीनवरची चंपा तिच्याच मापाची. ती उठली आणि उसवण्याआधी एकदा आपण घालून बघते म्हणाली. तिनं घातलं, आणि रेघ आली ती स्वच्छ, एकसारखी.

"बघा! शिवण बरोबर आहे माझी," प्रेमा म्हणाली. कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. मग तिचं लक्ष प्रांजलच्या चेहऱ्याकडे गेलं.

"ताई, तुम्हाला दम लागतो का?"

"लागतो. कोणाला नाही लागत?"

"या बनियनवरून मी काही सांगू शकत नाही, ते अजून पास व्हायचंय. पण आजच ईसीजी काढू. मी येते बरोबर."

रिक्षानं दोघी हॉस्पिटलात गेल्या. तिथल्या कागदावरही रेघ तशीच वेडीवाकडी. ठोके अनियमित पडतायत, रक्ताची गुठळी होऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेळेवर आलात म्हणाले, गोळ्या दिल्या आणि दोन आठवडे घरी बसायला सांगितलं. प्रेमानं नवऱ्याला, दत्तारामला, फोन लावला.

"काय सांगतंस? बनियनाक कसा कळला?"

"ता माका इचारू नको. माका न्हेवक ये."

पहिले तीन दिवस ती नुसती झोपली. जेवायला उठायची, परत आडवी व्हायची. चौथ्या दिवशी प्रांजलचा फोन आला. ज्यांना दाखवायचं होतं त्या डॉक्टरांना बनियन आवडलं होतं, आणखी वीस हवी होती.

"तुम्ही कधी याल, ताई?"

"चंपाला पट्टी लावायला शिकवलंय मी. तिला द्या," प्रेमा म्हणाली. "मी येईन तेव्हा येईन."

फोन उशाशी ठेवून तिनं कूस बदलली.