झेंडीपाशी बंद पडणारा जेसीबी

त्या दिवशी प्लॉटवर जत्रेसारखी गर्दी होती. मनमाडच्या रेल्वेतून निवृत्त झालेले पुंजारामबापू चांदवडच्या अलीकडे स्वतःच्या हातांनी घर बांधायला निघाले होते. सकाळी चहा पिताना त्यांनी मुलीला, उज्वलाला, सगळा हिशेब समजावला. काळ्या मातीत पायाचे खड्डे सात फूट खोल न्यावे लागणार. टिकाव-घमेल्याने महिना जाईल, मोठं पोकलेन बोळात शिरणार नाही, म्हणून जेसीबी. आखणीच्या फक्कीच्या, चुन्याच्या रेघाही त्यांनीच मारल्या होत्या, दोरीसारख्या सरळ.

पण जेसीबी कोपऱ्यातल्या खड्ड्यापाशी आला की इंजिन गप्प. तिथे जागा बघून कौल देणाऱ्या मातीमहाराजांनी लाल दोरा बांधलेलं लिंबू पुरून वर लाल झेंडी रोवली होती. महाराज डोळे मिटून सांगत होते, "खाली जागेवाली देवी झोपलीय. लोखंडाचे दात तिला सहन होत नाहीत. आमचं सिद्ध मशीन आणा, नाहीतर अनवाणी उतरून हातानं खणा." सिद्ध मशीन म्हणजे त्यांच्या मेहुण्याचं, दुप्पट भाड्याचं. मेहुण्याचं लोखंड देवीला कसं चालतं, हे कुणी विचारलं नाही.

उज्वलाला ते खटकलं होतं. तिला आणखीही काही दिसलं होतं. पण दुपारच्या बसने ती नाशिकला परतली. दुप्पट भाडं नको म्हणून दुसऱ्या दिवशी बापू टिकाव घेऊन अनवाणी खाली उतरले. सहा फुटांवर काठ ढासळला आणि बापू मातीखाली गेले.

दहाव्याला लोक म्हणाले, जागेवालीनं नेलं. उज्वलाची आई लंकाबाईही तेच म्हणू लागली.

महिन्याभराने शेजारच्या सुनीलच्या प्लॉटवर तीच झेंडी लागली. त्याने टिकाव आणून ठेवलाय, असं कळताच उज्वला पहिल्या बसने आली. गर्दी जमायच्या आत तिने सुनीलच्या डोळ्यांदेखत लिंबू उकरलं आणि पलीकडच्या कोपऱ्यात पुरलं. झेंडी हलवली नाही.

त्याच जेसीबीने आधी पलीकडचा कोपरा घेतला. बकेटमधून मातीबरोबर लाल दोऱ्याचं लिंबू बाहेर पडलं. इंजिन मजेत धडधडत होतं. मग मशीन झेंडीकडे वळलं आणि बंद पडलं. लोकांनी हात जोडले.

"महाराज, लिंबू तर त्या ढिगात आहे," उज्वला म्हणाली. "मग इथे कोण झोपलंय?"

"शक्ती सरकत असते, बाई."

"झेंडी बघून सरकते?"

गर्दीतली म्हातारी चिमणाबाई फिसकन हसली. "म्हंजी जागेवालीला लिंबू दिसत नाय, निस्ती झेंडीच दिसती व्हय?"

उज्वला केबिनपाशी गेली आणि तिने ड्रायव्हर गेणूला खाली उतरवलं. सीटच्या डाव्या बाजूला खाली इंजिन बंद करायची मूठ होती. ओढली की डिझेल तुटायचं, आत ढकलून चावी फिरवली की पुन्हा सुरू. तिने तसं इंजिन सुरू केलं, मग चिमणाबाईला वर चढवून मूठ ओढायला लावली. धडधड थांबली. "आता मीबी सिद्ध झाले गं," म्हातारी वरूनच म्हणाली. गेणूने मान खाली घातली. महाराजांनी मोटारसायकल जवळ केली.

सुनील टिकावाकडे बघत होता. उज्वलाने त्याला आणि सगळ्यांना सरळ सांगितलं. बापूंना कुणी नेलं नाही. उकरलेली ओली माती त्यांनी काठालाच रचली होती, तो भार काठाला पेलला नाही. काठ उतरता ठेवायचा, माती लांब टाकायची, एकट्याने खोल खड्ड्यात उतरायचं नाही. याला मंत्र लागत नाही. आणि शंका आली की तिथल्या तिथे विचारायचं.

लंकाबाई कुंपणापाशी उभी होती. "ही मुठीची लबाडी तुला कधी कळली गं?"

उज्वलाने गर्दीकडे पाहिलं, मग बापूंच्या अर्धवट खड्ड्याकडे.

"त्याच दिवशी, आई. इंजिन बंद पडायच्या आधी गेणूचा हात खाली जाताना मी तीनदा पाहिला होता. चारचौघांत बापूंना कमीपणा येईल म्हणून बोलले नाही. बोलले असते, तर ते खाली उतरले नसते."