जड वळणांनंतर

तिनं छातीवरचे पट्टे ओढून घट्ट केले आणि कॅमेऱ्यासमोर हात वर केला. लांबलचक पोलादी दांड्याच्या टोकाला बसवलेला तो बंद डबा हलला आणि गोल फिरू लागला. लढाऊ विमान वळताना वैमानिकाच्या अंगावर जो भार येतो, तो जमिनीवरच घडवून आणणारं हे यंत्र. संस्थेत त्याला सगळे पाळणा म्हणत. झोप लागायची सोय मात्र त्यात नव्हती.

खऱ्या उड्डाणात नोंदला गेलेला भार आणि कल यंत्रावर उतरवायचा, हे तिचं संशोधन. आणि नवी नोंद वैमानिकांना देण्याआधी संशोधकानं स्वतः सोसायची, ही इथली रीत. आजची नोंद तिच्या बाबांच्या उड्डाणाची होती. आजारानं बाबा गेले, त्याला बरीच वर्षं झाली होती.

"पहिलं वळण येतंय," यंत्र चालवणाऱ्या काकांचा आवाज कानात आला. "पोटऱ्या आवळा. श्वास धरा."

वजन पाचपट झालं. गाल ओघळले, मांडीवरचा हात उचलेना, नजरेच्या कडा करड्या झाल्या. बाबा हे सगळं सोसून घरी यायचे आणि वर तिला खांद्यावर घेऊन नाचायचे. तिला त्यांची इतकी आठवण आली की धरलेला श्वास सुटता सुटता राहिला.

पण ती वाट पाहत होती शेवटाची. तळावर परतताना बाबांचं विमान घरावरून जायचं. आई तिला घेऊन गच्चीवर धावायची आणि बोट दाखवायची, "बघ, पंख हलवले! आपल्यालाच." तिला कधीच काही दिसलं नव्हतं. दादा म्हणायचा, "आई काहीही सांगते. एवढ्या वरून घर काय दिसतंय, कपाळ!" आई वाद घालत नसे, दोरीवरचे कपडे काढत राही. आईचं ते म्हणणं एकदा खरं निघावं, एवढंच तिला हवं होतं.

जड वळणं संपली. अंग हलकं झालं. तिनं डोळे मिटले. पाळणा सरळ, शांत फिरत राहिला आणि थांबला.

काकांनी दार उघडून पाण्याची बाटली पुढे केली.

"चेहरा का उतरलाय मॅडम? मळमळतंय?"

"नाही. शेवटी काहीच नव्हतं, काका."

"होतं ना. मी छाटलं." काका खुशीत होते. "वळणांनंतरचं फालतू हलणं आपण नेहमीच काढतो. विमान उगाच डावीकडे कललं, उजवीकडे कललं, परत डावीकडे, परत उजवीकडे. त्यात अभ्यासाचं काय आहे?"

तिनं बाटलीचं झाकण न उघडताच ती बाजूला ठेवली.

"मूळ नोंद आहे?"

"आहे की. का? चुकलं का माझं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि भिंतीला टेकून आईला फोन लावला.

"आई, बाबांनी खरंच पंख हलवले होते. नोंदीत आहे."

"दोनदा ना?"

"हो. दोनदा."

"मला आपलं वाटायचं, माझेच डोळे मला फसवतायत." आईनं नाक ओढलं. "काय गं, त्या पाळण्यात मला बसू देतील?"

"अगं, फार भार येतो. तुझ्या वयाला झेपायचं नाही."

"जड वळणं नकोत मला. ती छाटायला सांग," आई म्हणाली. "तेवढं शेवटचं ठेव."