शेवटची दोन अक्षरं

कमळनं गेटवरच्या टर्मिनलवर चाचणीसाठी बनवलेलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत पुन्हा तेच आलं: लॉगिन इनकरेक्ट. तिनं परत टाकलं. या वेळी एकेक कळ बोटानं चिरडावी तशी दाबली. तेच.

"मॅडम, और कितना टाइम?" यादव ड्रायव्हरनं खिडकीच्या गजांना तोंड लावून विचारलं. त्याच्या मागं शेलारच्या वळणापर्यंत ट्रक उभे होते.

"हो रहा है."

"सुबह से हो रहा है."

गेटपास निघाल्याशिवाय ट्रक हलत नव्हता, आणि गोदामाच्या माणसानं कॉम्प्युटरवर लॉगिन केल्याशिवाय गेटपास निघत नव्हता. शनिवारपर्यंत सगळं ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण चालत होतं. प्रत्येक गोदामाच्या टर्मिनलची पासवर्डची आपली आपली खाती, नोकरी सोडून गेलेल्यांचीही नावं त्यात जिवंत. एक नाव बंद करायला दहा ठिकाणी फिरायचं. कमळनं वर्षभर केसरीनाथशेठच्या मागं लागून सगळी नावं एका डिरेक्टरीत आणली. आता कुणी कुठूनही लॉगिन केलं की ऑफिसातला सर्व्हर डिरेक्टरीला विचारणार, हा आपला माणूस का? डिरेक्टरी हो म्हणाली तर दार उघडणार. रविवारी तिनं एकटीनं बसून ते चालू केलं. सोमवारी सकाळी डिरेक्टरी निम्म्या लोकांना ओळखेना.

"माझं तर उघडतंय बाय," शेजारच्या खुर्चीवरची द्रौपदी म्हणाली. गेटचा फोन आणि पासचा प्रिंटर तिच्याकडं होता. "माझ्यावर राग नाय त्याचा."

"तेच तर कळत नाही. तुझं उघडतं, गोदामातल्या लहानूचं उघडतं. राघोभाऊचं नाही, शेठचं नाही, माझं चाचणीचंही नाही."

"बड्या माणसांनाच नडतंय म्हण की. शहाणं हाय तुझं मशीन."

फोन वाजला. द्रौपदीनं उचलला. "बोला. कोण, कमळ? कोणती कमळ?" पलीकडचं ऐकताना तिचे डोळे कमळकडे गेले आणि लगेच प्रिंटरकडे वळले. "हां, हां. कॉम्प्युटरवाली. देते."

ऑफिसात दोन कमळ होत्या. दुसरी म्हात्र्यांची, हिशेबाला बसायची.

फोनवर केसरीनाथशेठ होते. त्यांचा आवाज चढत नसे. चढला असता तर बरं, असं वाटावं इतका सपाट असे.

"ठाण्याच्या इंजिनेराला सांगितलंय. दुपारी येतोय. तो आला का त्याच्या हातात चाव्या दे."

"शेठ, मला दुपारपर्यंत वेळ द्या. सापडेल."

"दिलाच हाय की. नाय सापडला तर उद्यापासून काट्यावर बस. तिथलं काम तुला येतंय."

तिनं फोन ठेवला. काट्यावरूनच ती आली होती. टेमघरहून सायकल मारत यायचं, वजनकाट्याच्या पत्र्याच्या खोलीत बसायचं, ट्रक चढला की आकडा लिहायचा, उतरला की लिहायचा. संध्याकाळी कल्याणला कॉम्प्युटरचा क्लास. पाच वर्षं घासून ती त्या पत्र्याखालून एसीच्या खोलीत आली होती, आणि एका रविवारानं तिला परत तिथं नेऊन ठेवलं असतं. इंजिनेर यायचा, चहा प्यायचा, तिनं केलेलं पुसायचा, आणि लोक म्हणाले असते, त्यांना झेपतं का हे. त्यांना. हा शब्द लोक फार सांभाळून वापरत. तिला तो लांबून ऐकू यायचा.

ती तरातरा सर्व्हरच्या खोलीत गेली. तिथल्या कीबोर्डवरून तेच नाव, तोच पासवर्ड टाकला. दार उघडलं. म्हणजे डिरेक्टरी बरोबर होती. नावं बरोबर होती. इथून चालतं, गोदामातून चालत नाही. आणि गोदामातूनही कुणाचं चालतं, कुणाचं नाही. तिनं वायर तपासली, मोडेम बंद करून चालू केला, पुस्तक उघडलं, मिटलं. खुर्चीवर बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठं जावं कळेना.

दार ढकलून राघो आत आला. डिस्पॅचचा मॅनेजर, हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात कागदात बांधलेली भजी.

"कमळताई, आधी खा. उपाशी डोकं चालत नाही."

"राघोभाऊ, शेठ मला काट्यावर पाठवतायत."

"पाठवतात कसे? मी आहे ना. तुला इथं आणली कुणी?"

त्यानंच आणली होती, हे खरं. शेठ बाहेरचा माणूस घेत होते तेव्हा राघो अडून बसला होता, की पोरगी हुशार आहे, घरची आहे, हिलाच द्या. दर राखीला तो मनगट पुढं करायचा. तिच्या डब्यातलं सुकट बोटं चाटून खायचा. कमळ हे घरी आईला मुद्दाम सांगायची. गुणाबाई ऐकून घ्यायची आणि भाकरी उलटायची, बोलायची काहीच नाही. त्या न बोलण्याचा कमळला संताप यायचा. सगळं जग तुमच्या काळात अडकून बसलंय का, असं ती एकदा आईला तोडून बोललीसुद्धा होती.

"मी परत बघतो टाकून," राघो म्हणाला. "तुझ्यावर विश्वास आहे ताई. मशीनवर नाही."

तो गेला. भज्यांचा कागद तेलानं पारदर्शक होत गेला.

एक उपाय राहिला होता. तो तिला सकाळपासून माहीत होता, आणि सकाळपासून ती त्याच्या भोवती फिरत होती.

शनिवारी तिनं सगळ्यांना जमवून नवे पासवर्ड टाकून घेतले होते. प्रत्येकजण तिच्या खुर्चीवर बसला, तिनं पाठ फिरवली. लांब ठेवा, ती म्हणाली होती, दहा अक्षरं तरी ठेवा. देवाचं, पोराचं, कुणाचं पण नाव. जे रोज तोंडात असतं ते ठेवा, म्हणजे विसरणार नाही. लहानूनं विचारलं होतं, आणि तुला दिसंल ना आमचं? सगळे हसले होते. तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, मलाही दिसत नाही. पासवर्ड डिरेक्टरीत दळून ठेवलेला असतो. पिठाकडे बघून दाणा कसला होता ते मला सांगता येणार नाही.

खरंच होतं ते. पण सर्व्हरला बोलकं करायची सोय होती. तसं केलं की कोण काय टाकतंय ते तो दळायच्या आधी पडद्यावर बोलून दाखवायचा. गोदामातून नेमकं काय येतंय ते तेवढ्यानंच कळलं असतं. तिनं दार लोटलं, कडी घातली. शब्द दिला होता. पण तो शब्द पाळून काट्यावर बसल्यावर कोण तिला विचारणार होतं? तिनं आज्ञा टाईप केली आणि एंटर दाबलं.

पडदा बोलू लागला. बाहेर माणसं वैतागून पुन्हा पुन्हा लॉगिन करत होती, आणि प्रत्येकाचं नाव आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांतला पासवर्ड ओळीनं वर सरकत होता. द्रौपदी. पासवर्डही द्रौपदी. आपलंच नाव, आठ अक्षरं. डिरेक्टरीनं हो म्हटलं. मग हिशेबाची कमळ म्हात्रे. पासवर्ड, गणपतीब. नाही. मग शेठ. पासवर्ड, केसरीना. नाही.

कमळ पुढं झुकली. गणपतीब म्हणजे काय? केसरीना कुणी ठेवतं का? तिनं पेन घेतलं आणि टेबलाच्या सनमायक्यावरच लिहिलं. केसरीना, पुढं टी आणि एच. केसरीनाथ. गणपतीब, पुढं ए पी पी ए. गणपतीबाप्पा. ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा. गोदामातली जुनी टर्मिनलं फक्त आठ अक्षरं घेत होती आणि पुढची गिळत होती. जुन्या खात्यांनाही आठच लागायची, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नव्हतं. शनिवारी तिच्या कीबोर्डवर सगळ्यांनी पूर्ण टाकले. आज गोदामातून अर्धे येत होते. ज्यांनी तिचं ऐकून लांब ठेवले ते बाहेर राहिले. ज्यांनी ऐकलं नाही ते आत.

सापडलं. इंजिनेर येऊ दे नाहीतर न येऊ दे.

खात्रीसाठी अजून एक बघावं म्हणून तिनं पेन टेकवून ठेवलं. राघोचं नाव आलं. तिनं खालची ओळ उतरवली. आठ अक्षरं.

महारकम.

हात सवयीनं पुढं गेला. हे कापलेलं आहे, पुढं काय असेल. ए लिहिलं. एल लिहिलं. मग पेन थांबलं.

पडद्यावर ती ओळ परत आली. राघो बाहेर पुन्हा पुन्हा टाकत होता. विश्वास आहे, म्हणाला होता. महारकम. नाही. महारकम. नाही. प्रत्येक वेळी डिरेक्टरी नाही म्हणत होती आणि तो पुन्हा तेच सांगत होता.

कोणती कमळ? असं रोज कुणीतरी विचारायचं. फोनवर, गेटवर, चहाच्या टपरीवर. आणि रोज कुणीतरी उत्तर द्यायचं. ती समोर असली की कॉम्प्युटरवाली.

तिनं थुंकी लावून सनमायक्यावरचं पुसलं. शाई पसरली. पदरानं पुसलं, तर पदराला लागली. मग तिनं सर्व्हरचं बोलणं बंद केलं, कडी काढली आणि शेठना फोन लावला.

"सापडलं. इंजिनेरला नका बोलवू. सगळ्यांनी येऊन पासवर्ड बदलायचा. आठ अक्षरांच्या वर नको."

"नक्की?"

"नक्की."

"बरं झालं," शेठ म्हणाले, "कशात होता घोळ?"

"शेवटची अक्षरं पोचत नव्हती."

लोक एकेक करून आले. शेठही आले, बसले, टाकलं, उठले. कमळ प्रत्येक वेळी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करत होती. बाहेर पहिला ट्रक सुरू झाला. यादवनं लांब हॉर्न दिला आणि गेटवर द्रौपदीनं त्याला एक शिवी हासडली.

राघो शेवटी आला.

"बघ, म्हणालो नव्हतो मी? काढलंसच शोधून." त्यानं भज्यांकडे पाहिलं. "खाल्ली नाहीस?"

"नाही."

"ताई, मला नवा कशाला? जुनाच जरा छोटा करून दे. सवय झालीय हाताला."

कमळनं खुर्ची त्याच्यासाठी मागं ओढली.

"छोटा केला तर अर्धवट राहील, राघोभाऊ. तुमची शेवटची दोन अक्षरं पोचत नव्हती." ती थांबली. "ए आणि एल."

जुडग्यातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"तू तर म्हणाली होतीस, तुला दिसत नाही," राघो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण कुठून तरी खालून आल्यासारखा.

"म्हणाले होते. दिसलं. शेठना सांगा हवं तर. काय दिसलं तेही सांगा."

तो दाराकडे गेला. दार बंद करायला का निघून जायला, ते त्यालाही कळलं नसावं. मग परत फिरला.

"कमळताई, ते तसं नाही गं. दोन कमळ आहेत ना, तर लोक... आपलं ओळखायला. बोलायची पद्धत असते एक."

"बसा."

"तुझ्यासाठी मी किती..."

"केलंत. माहीत आहे. बसा, ट्रक थांबलेत."

तो बसला. कमळनं पाठ फिरवली. भिंतीवर एसीच्या पाण्याचा ओघळ होता, तो ती बघत राहिली. मागून कळांचा आवाज येईना. एक कळ वाजली. मग मागं सरकून खोडायची कळ वाजली. मग काहीच नाही.

"राघो," बाहेरून शेठनी हाक मारली. "झालं का रे तुझं?"

पुन्हा एक कळ, पुन्हा खोडलं.

"काय टाकू?" अखेर तो हळूच म्हणाला.

कमळ वळली नाही.

"शनिवारी सांगितलं होतं की. रोज तोंडात असतं ते."