हवेचं सोवळं

माझ्या मुलीच्या, ऊर्मीच्या, बाळाबरोबर आमच्या घरात सोवळं परत आलं. माझी आई सोवळ्यात असली की आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावत नसू, पण तिच्या सोवळ्यामागे निदान देव तरी होता. ऊर्मीच्या सोवळ्यामागे हवा शुद्ध करणारं एक पांढरं यंत्र होतं. गुडघ्याएवढं उंच, समोर एक गोल दिवा. दिवा निळा असला की हवा चांगली, केशरी झाला की संशय, आणि लाल झाला की घरात कोणीतरी गुन्हेगार आहे असं समजायचं.

गुन्हेगार ठरलेलाच होता. मणी.

मराठी घरात मनी म्हणजे मांजर, पण आमच्या मद्रासच्या अड्यारला गल्लीतला दर तिसरा कुत्रा मणीच असतो. हाही गल्लीतलाच. माझी बायको सुनीती गेली त्या वर्षी तो जिन्यात येऊन बसायला लागला आणि मी त्याला घरात घेतला. उपकार वगैरे काही नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या आणि एकुलती एक मुलगी लग्न होऊन पेरुंगुडीला गेलेल्या माणसाला दिवसाकाठी चार मराठी वाक्यं बोलायला कोणीतरी लागतं. शेजारी भले आहेत, पण त्यांच्याशी बोलायचं ते तमिळमध्ये, आणि माझं तमिळ बँकेच्या काउंटरपुरतं. मणीशी मी भाजीपासून सरकारपर्यंत सगळं बोलायचो. 'गप रे' म्हटलं की तो तोंड वळवून बसायचा. त्याला मराठी समजत होतं, यात मला शंका नाही.

ऊर्मी बाळंतपणाला माझ्याकडे आली. जावई श्रीनिधी कंपनीच्या कामासाठी जर्मनीत, त्याची आई तंजावरला गुडघ्यांनी बेजार, आणि सुनीती नाही. तेव्हा माहेर म्हणून जे काही होतं ते मी आणि कुत्रा. मुलगी झाली. घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत तिचं नाक वाजायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान बाळांचं वाजतं, पण धूर, धूळ आणि केस यांपासून जपा. झालं, दुसऱ्या दिवशी यंत्र दारात.

मग उदबत्ती बंद, सुनीतीच्या फोटोपुढचीसुद्धा. डासांची कॉइल बंद. फोडणी घालायची ती स्वयंपाकघराचं दार लावून. खिडक्या उघडायच्या त्या सकाळी, रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत. ओवा-बाळंतशेपांची धुरी द्यायची का, असं मी एकदा विचारून पाहिलं, तर ऊर्मीने अशी नजर टाकली की मी वर्तमानपत्र उघडलं. मणीला गच्चीवर नेऊन विंचरायचं आणि बाळाच्या खोलीत त्याने पाऊल टाकायचं नाही. मला बाळ घ्यायचं असेल तर आधी आंघोळ आणि धुतलेले कपडे.

मी सगळं मुकाट पाळलं, कारण मला त्या पोरीला घ्यायची हाव सुटली होती. ऊर्मीच्या वेळी सुनीती माहेरी मिरजेला होती आणि मला रजा नव्हती. मी माझी मुलगी पाहिली तेव्हा ती मान धरायला लागलेली होती. इतकं लहान माणूस मी आयुष्यात कधी हातात घेतलेलं नव्हतं.

तर रोज संध्याकाळी आंघोळ करायची, अंगाला पावडर लावायची, धुतलेला सदरा घालायचा आणि आत जायचं. ऊर्मी बाळ हातात द्यायची. ते डोळे किलकिले करून माझ्याकडे बघायचं आणि मला हुंदका यायच्या बेतात असायचा, तेवढ्यात कोपऱ्यात यंत्राचा पंखा घोंघावायला लागायचा. निळ्याचं केशरी, केशरीचं लाल.

"पाहिलंत?" ऊर्मी म्हणायची. "तुमच्या अंगावरून मणीचे केस येतात."

"अगं, आत्ता आंघोळ केली मी."

"केस नाहीतर कोंडा. कुत्र्याच्या कातडीचा कोंडा उडतो बाबा. तो दिसत नाही."

न दिसणाऱ्या गोष्टीवरून वाद घालता येत नाही, आईशीही कधी घालता आला नव्हता. मी बाळ परत देऊन बाहेर यायचो. बाहेर मणी शेपटी हलवत उभा असायचा. त्याचा राग यावा म्हणून मी प्रयत्नही करून पाहिला, पण जमलं नाही.

एका संध्याकाळी दिवा लाल झाला आणि बाळाला नेमक्या दोन शिंका आल्या. ऊर्मी कपाटातून कपडे काढायला लागली.

"मी पेरुंगुडीच्या फ्लॅटवर जाते."

"एकटी? या ओल्या बाळंतपणात?"

"मग काय करू? इथे मला श्वास मोजत बसावं लागतं तिचे." तिचे डोळे खोल गेले होते. "तो इथे असेपर्यंत मला नाही राहता येणार, बाबा."

ती चिडून बोलली असती तर मी भांडलो असतो, पण ती अगदी हळू बोलली. मी म्हटलं, "कुठे जाऊ नकोस. मी त्याची सोय लावतो."

सोय म्हणजे राघोत्तम. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेला, तंजावरकडचा मराठी. तांबरमला त्याचं बैठं घर आहे, पुढे अंगण. मुलं अमेरिकेत आणि बायको राजसबाई अर्धांगाच्या झटक्यापासून अंथरुणाला खिळलेली. त्याला फोन केला तर म्हणाला, "घेऊन या की. असूं दे इथं, परवाइल्लै." परवाइल्लै, म्हणजे काही हरकत नाही. मला मात्र हरकत होती. ऊर्मी महिन्या-दोन महिन्यांनी जाणारच होती, आणि त्यानंतर त्या घरात माझ्यासाठी मणीशिवाय कोणी नव्हतं. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे असं मी राघोत्तमला सांगितलं आणि स्वतःलाही. मणीला तिथे सोडून परत येताना ऑटोत मी पायापाशी जागा सोडून बसलो होतो, हे उतरताना लक्षात आलं.

दुसऱ्याच दिवशी मला सर्दी झाली. सर्दीच्या माणसाला बाळाच्या खोलीत सोवळ्याने काय, कशानेच प्रवेश नव्हता. आठवडा उलटून गेला तरी खोकला हटेना. मी दिवाणखान्यात बसून राहायचो, ऊर्मी दाराआडून बातम्या द्यायची. "बाबा, दिवा निळाच आहे हं. मणी गेल्यापासून एकदासुद्धा लाल झाला नाही."

"छान," मी म्हणायचो.

सुनीती गेली तेव्हा निदान माणसं येत होती, डबे येत होते. आता घरात आणखी दोन जीव होते आणि माझ्या वाट्याला एकही नव्हता. भाजी महाग झाली हे मी मोठ्याने बोललो आणि खुर्चीखाली पाहिलं. मला तेव्हा फार एकटं वाटलं. वाटलं ते वाटलं, त्यात लपवायचं काय!

बरा झालो त्या दिवशी मी जय्यत तयारी केली. कडकडीत पाण्याने आंघोळ, गळ्याला, पाठीला, छातीला सढळ हाताने पावडर, इस्त्रीचा सदरा. आत गेलो, बाळ हातात घेतलं. ते चांगलं गोबरं झालं होतं. यंत्र घोंघावलं. दिवा केशरी झाला आणि आमच्या डोळ्यांदेखत लाल.

ऊर्मी दिव्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. जवळ येऊन तिने माझ्या मानेवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. सदऱ्याच्या कॉलरवर टिचकी मारली तर खिडकीच्या उन्हात बारीक पांढरी भुकटी उडाली. मी गेली चाळीस वर्षं मद्रासच्या उकाड्यात पावडर लावतो, तशीच बाळापुढे कुत्र्याचा वास नको म्हणून दुप्पट लावत होतो. टाल्कमचा अख्खा डबा अंगावर घेऊन मी त्या पोरीच्या नाकाशी वाकत होतो, आणि हद्दपार झाला मणी.

ऊर्मी हसायला लागली. मी पण हसलो. मग बघतो तर ती पलंगावर बसून रडत होती.

"आई असती तर तिला पहिल्याच दिवशी कळलं असतं," ती म्हणाली. "मला काही कळत नाही, बाबा. नाक वाजलं तर वाजू द्यायचं की धावायचं, दूध टाकलं तर घाबरायचं की नाही, कोणाला विचारू? श्रीनिधी म्हणतो, गूगल बघ. तो दिवा निदान काहीतरी उत्तर देतो."

इतके दिवस मी समजत होतो की दाराबाहेर बसलेला तेवढा मी एकटा. तिच्यासमोर बापाचा आव आणून मी चार गोष्टी सांगायला हव्या होत्या, पण मला सांगण्यासारखी एकही येत नव्हती. "मलाही काही माहीत नाही गं," मी म्हटलं. तिने डोळे पुसले. "आधी मणीला घेऊन या," ती म्हणाली. "आजच."

मी पावडर धुऊन टाकली आणि निघालो. येताना कुत्रा असणार म्हणून जाण्यायेण्याचा ऑटो ठरवला आणि तो राघोत्तमच्या फाटकाशी उभा केला. मणी अंगणात दिसला नाही. राघोत्तमने मला आत नेलं. राजसबाईंच्या पलंगाला लागून, जमिनीवर, मणी पसरला होता, आणि त्यांचा चांगला हात खाली लोंबून त्याच्या पाठीवर होता. बोटं हलत होती.

"दिवसभर असंच," राघोत्तम हळूच म्हणाला. "झटक्यानंतर काही मागेना ती. घास भरवला तर खायची, नाहीतर तशीच. आतां सकाळीं त्याचं ताट मागते. बोलणं नीट कळेना, पण मागते." मग त्याने माझ्याकडे न बघता खुंटीवरचा पट्टा काढला. "न्या. तुमचा आहे तो."

मणीने मला पाहिलं. शेपटी फरशीवर आपटायला लागली, सगळं अंग हललं, पण तो उठला नाही. मी हाक मारली असती तर आला असता. मी ती मारली नाही. राघोत्तमच्या हातातला पट्टा परत खुंटीला लावला आणि कॉफी न घेताच निघालो. फाटकाबाहेर ऑटोवाल्याने विचारलं, "नाय् एंगे?" कुत्रा कुठे आहे? मी त्याला चला म्हटलं.

बेल वाजवायच्या आत ऊर्मीने दार उघडलं. बाळ तिच्या खांद्यावर. तिने माझ्या मागे पाहिलं, मग जिन्यात वाकून पाहिलं.

"तिथे जास्त गरज आहे त्याची," मी म्हटलं.

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आणि आम्ही गेल्यावर? तुम्ही कोणाशी बोलणार, बाबा?"

"अजून महिनाभर आहेस ना तू?" मी म्हणालो, आणि हात धुवायला आत गेलो.